ट्रेलर, कॅराव्हॅन की आपली ट्रॅव्हलर?



गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरी एकाच विषयावर जेवढं बोलणं झालं तेवढं मुलाच्या लग्नातही झालं नव्हतं. विषय असा की, कुटुंबाच्या सहलींसाठी गाडीमागे जोडायचा राहता ट्रेलर घ्यावा का. मुलगा-सून ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतात, आम्ही दोघं आणि सासूबाई डोंबिवलीत. मंदिरात हे कळल्यावर तिघी-चौघींनी विचारलं की त्यांच्याकडेही मुलांच्या डोक्यात हेच आहे, तर तुमचं काय ठरलं ते लिहा. म्हणून लिहिते.

आधी या खटाटोपाचं कारण. माझा रात्रिभोजनत्याग आहे, यांचाही आहे. मुलांचा नाही, आणि मी त्यांच्यावर लादलेला नाही. पण सहलीला गेलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मुलं दिवसभर फिरतात, साडेआठला हॉटेलात जेवायला बसतात आणि आपण खोलीत सहाच्या आधी खाकरा-चटणी खाऊन बसलेलो असतो. नातवंडं विचारतात, आजी तू आमच्याबरोबर का जेवत नाहीस? सुनेलाच ते जास्त लागलं. तिचं माहेर जैन नाही, पण हा विचार तिचाच होता. म्हणाली, आई, स्वयंपाकघरच बरोबर असेल तर सगळेच साडेपाचला जेवू. हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणून मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं नाही.

दुसरं कारण सासूबाई. वय ८६. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. त्या दिवसांत सोळा वर्षांच्या सासूबाई वडिलांबरोबर तिथे गेल्या होत्या. त्या गर्दीचं वर्णन त्या अजून करतात. आता एकच म्हणणं आहे, एकदा परत नेऊन आणा. पण डोंबिवलीहून कुंथलगिरी चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यांना दर दीड-दोन तासांनी बाथरूमला जावं लागतं. हायवेवरच्या स्वच्छतागृहांत ८६ वर्षांच्या बाईला घेऊन जाणं काय असतं ते नेणारीलाच माहीत.

तर ट्रेलर. हा गाडीच्या मागे हुकाने जोडतात. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. आत दोन-चार माणसांची झोपायची सोय, ओटा, पाण्याची टाकी, लहान शौचालय. मुलाने दाखवलेल्याची किंमत बारा लाख सांगितली होती. कॅराव्हॅन म्हणजे हेच सगळं एका अख्ख्या गाडीत बसवलेलं, ती स्वतः चालते. तिची किंमत ऐकून यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. आपल्या सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून भाड्यानेही मिळू लागल्या आहेत.

ट्रेलरची पहिली अडचण अगदी साधी आहे. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवता येत नाही. म्हणजे सासूबाई गाडीतच बसणार, आणि बाथरूमसाठी गाडी थांबवून, त्यांना उतरवून, मागे नेऊन चढवायचं. कसारा घाटात कुठे थांबवणार? दुसरी अडचण ओढण्याची. ट्रेलर रिकामा असताना जे वजन सांगतात त्यात पाणी धरलेलं नसतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. भांडी, गाद्या, सिलिंडर वेगळे. घाट उतरताना हे सगळं वजन मागून गाडीला ढकलतं. आपली गाडी किती वजन ओढू शकते हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तरच पुढचं बोलावं. मुलाच्या गाडीच्या पुस्तकात याबद्दल एक ओळही नव्हती. आणि ट्रेलरसकट गाडी मागे घेणं हे वेगळंच शिक्षण आहे, स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. आमच्या गल्लीत रविवारी संध्याकाळी साधी रिक्षा वळत नाही.

ठेवायचा कुठे, हा तिसरा प्रश्न. मुलाच्या टॉवरच्या पोडियम पार्किंगमध्ये उंचीमुळे शिरणार नाही. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एक गाडी, तीही नशीब असेल तर. शीळ रस्त्याकडे मोकळ्या जागेत महिना तीन हजारांत ठेवू देतो असं एकाने सांगितलं.

इथे मी वही काढली. बी.कॉम. कधीतरी कामाला यावं की नाही! बारा लाख मुदत ठेवीत ठेवले तर सात टक्क्यांनी वर्षाला ८४,००० व्याज. ते बुडालं. घसारा पंधरा टक्के धरला तर पहिल्या वर्षी १,८०,०००. जागेचे ३६,०००. विमा आणि किरकोळ दुरुस्ती वीस हजार. बेरीज ३,२०,०००. मग जुन्या डायऱ्या काढून गेल्या तीन वर्षांत आम्ही सगळे मिळून किती दिवस बाहेर होतो ते मोजलं. १४, ११ आणि १७. सरासरी चौदा. म्हणजे दिवसाला जवळजवळ २३,००० रुपये, पेट्रोल आणि टोल सोडून. भाड्याची कॅराव्हॅन ड्रायव्हरसकट दिवसाला बारा हजारांत मिळत होती.

मुलगा म्हणाला, आई, सोय नाही म्हणून चौदा दिवस. सोय झाली की चाळीस होतील. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, चाळीस दिवसांनी भागलं तर आठ हजार येतात. पण त्याला वर्षाला रजा मिळते चोवीस दिवस, आणि मुलांच्या शाळा आहेत. ते चाळीस दिवस कुठून येणार हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

पैशापेक्षा मोठा प्रश्न व्रताचा होता. यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी परिग्रह-परिमाण घेतलं, त्यात वाहन एक. अर्धे पैसे आम्ही द्यायचे होते. मुलगा म्हणाला, ट्रेलरला इंजिन नाही, ते वाहन कसं? शिवाय माझ्या नावावर घेऊ. हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आरटीओ त्याला वेगळा नंबर देते ना? मग ते वाहनच. मला तर नावाचा मुद्दा जास्त टोचला. हिशेबात आम्हाला शिकवलं होतं की कागद काय म्हणतो यापेक्षा व्यवहार काय आहे ते पाहायचं. पैसे आपले, वापर आपला आणि नाव मुलाचं, याला बाजारात जे म्हणतात ते व्रतातही म्हणावं लागेल. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिला अतिवाहन आणि शेवटचा अतिभारवहन. ते बैलांसाठी होतं हे खरं, पण घाटात ट्रेलर ओढणारी आमची लहान गाडी डोळ्यांसमोर आली आणि मला हसू आलं.

तरी घेतल्याशिवाय कळणार नाही असं नको, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, निर्वाण लाडू झाल्यावर, तीन दिवस कॅराव्हॅन भाड्याने घेतली. सासूबाईंना या वेळी नणंदेकडे ठेवलं. आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलो. इगतपुरीपर्यंतचा हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. नाशिकला म्हसरूळच्या गजपंथाचं दर्शन, मग मांगीतुंगी. ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती नातवाने पहिल्यांदाच पाहिली.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते गाडी विकणारा तुम्हाला सांगणार नाही. टाकी शंभर लिटरची, भरतात पेट्रोल पंपावर पाइप लावून. म्हणजे सगळं अनगळ पाणी. त्याने हात धुणंही माझ्या मनाला पटेना. मग टाकीच्या तोंडाला दुहेरी छन्ना बांधला आणि पाइप अगदी बारीक सोडला. पंचवीस मिनिटं लागली, दोन्ही नातवंडं छन्ना धरून उभी होती आणि मागची ट्रकवाली मंडळी हॉर्न वाजवत होती. पण गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, आणि टाकी चालणार दोन दिवस! म्हणून ते पाणी फक्त धुण्यापुसण्याला. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी मी रोज सकाळी गाळून, उकळून स्टीलच्या पिंपात भरत होते. उकळलेलं चोवीस तास चालतं. म्हणजे जे घरी करतो तेच. टाकीचा उपयोग भांडी घासण्यापुरताच झाला.

ओट्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. दोन बर्नर, खिडकी, खाली कप्पे. मांगीतुंगीच्या पायथ्याशी साडेपाचला मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड असे सहाही जण गाडीच्या सावलीत बसून जेवलो. सूर्यास्त सहाच्या सुमाराला होता. नातीने घड्याळ धरून ठेवलं होतं. त्या एका जेवणासाठी बारा हजार द्यायला मी तयार आहे.

मग शौचालय. त्याची घाण खालच्या टाकीत साठते आणि ती कोणीतरी रिकामी करायची असते. दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरदादांना विचारलं, कुठे करता? ते सहज म्हणाले, रात्री एखाद्या ओढ्याच्या कडेला. आपल्याकडे उत्सर्ग समितीत साधूंनी मलविसर्जनाची जागा किती पाहून घ्यायची हे सांगितलं आहे. निर्जंतुक, कोरडी, कोणाला त्रास होणार नाही अशी. आणि इथे सहा माणसांची दोन दिवसांची साठलेली घाण, वर औषधाचं पाणी, थेट वाहत्या पाण्यात? मी स्पष्ट नाही सांगितलं. शेवटी परतीच्या वाटेवर एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना विनंती करून त्यांच्या सेप्टिक टाकीत सोडली. ते काम ड्रायव्हरदादांनी हातमोजे न घालता केलं. मुलगा खाली उतरून पाइप धरायला गेला, पण मला दिवसभर ते डोळ्यांपुढून हलेना. गाडी घेण्याआधी हा प्रश्न प्रत्येकीने विचारावा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर फोन ठेवावा.

परत आल्यावर सगळे बसलो. माझं मत असं झालं की क्षेत्रावर आपल्याला कॅराव्हॅनची गरजच नाही. धर्मशाळा आहे, सूर्यास्ताआधी जेवण आहे, विहीर आहे. आपल्या लोकांना चाकांवरचं घर नवं नाही. १९२७-२८ मध्ये शांतिसागर महाराजांचा संघ कुंभोजहून सम्मेदशिखरजीपर्यंत पायी गेला, तेव्हा मागे श्रावकांचे चौके चालतच होते. आजही मुनीश्रींच्या विहारात चौक्याचा टेम्पो पुढच्या गावी आधी पोहोचतो आणि एखाद्या शाळेच्या ओसरीत तासाभरात चूल लागते. ज्या बायका हे करतात त्यांना कॅराव्हॅनचा ओटा खेळण्यासारखा वाटेल. गरज आहे ती भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी. सुनेला जूनमध्ये तिथे काजवे बघायला जायचं आहे. जेवण सातच्या आत उरकून, शेकोटी न पेटवता आणि गवतात न शिरता, गाडीत बसून बघणार असाल तर मी येते, असं तिला सांगितलंय. ती तयार आहे. त्या दोन दिवसांसाठी भाड्याची कॅराव्हॅन घ्यायची, टाकीचं आधी विचारून.

काहीजणी विचारतात, जुनी ट्रॅव्हलर घेऊन सुताराकडून आत पलंग-ओटा मारून घेतला तर? तसं करू नका. गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. विम्याच्या वेळी रडायची पाळी येईल.

कुंथलगिरीला जानेवारीत निघतोय, तेरा आसनी ट्रॅव्हलर ठरवली आहे. पायरी उंच आहे म्हणून यांनी सुताराकडून लाकडी पाट करून घेतला, तो दारापुढे ठेवायचा. मागच्या सीटमागे घडीचा कमोड आणि चार बाजूंनी धरायला दोन जुन्या चादरी. सासूबाईंनी घरात एकदा रंगीत तालीम करून पाहिली आणि म्हणाल्या, हे बरंय, पण चादर जाड घ्या. पहिला मुक्काम पुण्याला नणंदेच्या मुलीकडे, म्हणजे एका दिवसात चारशे किलोमीटर होत नाहीत. गाडीत गॅस पेटवायचा नाही, ते मालकाने बजावलं आहे आणि बरोबरच आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि शेगडी मुक्कामावर उतरवायची. पीठ निघण्याच्या आदल्या दिवशी दळणार. हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा आहे, आपल्याला चार पुरे. छन्ने तीन घेतले आहेत.

मुलाने अजून नाद सोडलेला नाही. काल त्याने नाशिकहून विकायला असलेल्या एका जुन्या ट्रेलरचे फोटो पाठवले, किंमत निम्मी. मी त्याला चाळीस दिवसांचा हिशेब नव्या आकड्यांनी मांडून परत पाठवला आहे आणि खाली विचारलं आहे, रजा किती शिल्लक? दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर आलेलं नाही.