वारसाच्या रकान्यात

हडपसरच्या मळ्यांत जन्म काढलेल्या म्हाताऱ्या आता एकेक करून चालल्या. नऊवारीतल्या, वाकलेल्या, टाचांच्या भेगांत काळी माती मुरलेल्या. एकीचं सांगितलं तर सगळ्यांचं येतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा गावाच्या अंगाखांद्यावर मुठेच्या कालव्याचं पाणी खेळत होतं. खडकवासल्याचं धरण 1879 सालचं. त्याच्या पाटावर मळे पिकले; शेजारच्या मांजरीत जोतीराव फुल्यांनीही शेती केली. सासूनं तिच्या हाती आधी खुरपं दिलं, मग चुलीची फुंकणी. पाण्याची पाळी रात्रीची आली की कंदील वरंब्यावर ठेवून ती दारं धरायची. नवऱ्याचा डोळा लागे, तिचा लागत नसे. एक वाफा फुटला तर पुढचे सगळे कोरडे राहणार. कांदा, मेथी, मांजरीची वांगी, आडसाली ऊस. पहाटे जुड्या बांधून व्हायच्या, गाडी पुण्याच्या मंडईकडे निघायची, आणि ती भाकऱ्या थापायला बसायची. बाळंतपण सुगीत आलं म्हणून सुगी कधी थांबली नाही.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पुण्यानं त्या दिवशी पूर पाहिला. तिनं नंतर कोरडा पाट पाहिला. 1972 च्या दुष्काळात दावणीची जनावरं जगवली. दोन्ही वेळा घर तगलं ते कर्त्या पुरुषाच्या हिकमतीनं, असं गाव म्हणालं. तीही तसंच म्हणाली.

दर वर्षी पालख्या यायच्या. हडपसरला दोन वाटा फुटतात: ज्ञानोबा दिवे घाटाकडे वळतात, तुकोबा लोणीकडे. ती वारकऱ्यांच्या हाती पिठलं-भाकरी ठेवायची, दोन्ही पालख्यांना हात जोडायची आणि रानात परतायची. खुरपणी पडलेली असायची. पायी पंढरी तिला कधी घडली नाही.

दरम्यान कारखाने आले. 1966 ला सीरम इन्स्टिट्यूट निघाली. उसाच्या फडांपलीकडे भोंगे वाजू लागले, पोरं पाळीला जाऊ लागली; त्यांच्या तोंडी पाळी म्हणजे आता पाण्याची नव्हे, कामाची. पुढं मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी सुमारे 400 एकर रान एकत्र करून स्वतःच नगर उभारलं, जमिनीच्या मापानं भागीदार झाली. सगळ्यांना ते साधलं नाही. कुणाचा मळा गुंठ्यागुंठ्यानं गेला, कुणाचा एका रात्रीत.

तिच्या मळ्याचं खरेदीखत झालं त्या दिवशी तिला गाडीत बसवून कचेरीत नेलं. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं. ते लागलं होतं नवरा गेल्यावर, वारस म्हणून, मुलांच्या रांगेत. ज्या मातीत पन्नास वर्षं हात राबले, तिच्या कागदावर ती आली कुंकू पुसल्यावर. आणि आली ती अंगठा उठवून बाहेर पडण्यापुरती. साहेबानं विचारलं, राजीखुशीनं देताय ना आजी? तिनं पोराकडं पाहिलं आणि मान हलवली.

पुढं ती चौथ्या मजल्यावर राहिली. गॅलरीतल्या कुंडीत मेथी टाकायची. पाऊस लागला की विचारायची, पाटाला पाणी सुटलं का? घरचे हसायचे. तिला म्हातारचळ लागला असं कुणी म्हणालं, तिला शेतकरी मात्र कुणी म्हणालं नाही. मृत्यूच्या नोंदणीच्या अर्जावरही व्यवसाय ‘घरकाम’ असाच पडला.

तिच्यासाठी आता करण्यासारखं काही नाही. पण ज्यांच्या घरी अजून रान आहे आणि त्यात राबणारी बाई आहे, त्यांच्या हातात आहे. शेतकरी नेते शरद जोशींनी 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक दिली; हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. पुढं सरकारनंही नवऱ्यानं अर्ज दिल्यास बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. तेव्हा दहाव्याला पंगती घालण्याआधी, ती जिवंत असतानाच, तलाठ्याकडे जा आणि एक अर्ज द्या.