ॲडव्हान्स कुणाचा?

तुळशीचं लग्न लागलं की घनसावंगीत दोन तऱ्हेची बुकिंगं जोरात सुरू होतात. एक मंगल कार्यालयांची आणि दुसरी कोकण-गोव्याकडच्या घरांची. यातलं दुसरं आमच्या भागाला तसं नवं. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, फार तर जांब समर्थची रामनवमी नाहीतर शिर्डी. आता मोसंबीला भाव बरा मिळाला किंवा पोरगं नोकरीला लागलं की दापोली-गुहागरला समुद्राकाठचं घर तीन दिवसांसाठी घेतलं जातं. फोनवरून ॲडव्हान्स जातो, समोरून 'कन्फर्म' एवढा मेसेज येतो आणि व्यवहार पक्का झाला असं दोन्हीकडचे समजतात.

जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी वकिली करते. आमच्याकडची नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे न उगवलेलं बियाणं, नाकारलेला पीकविमा, बुडालेल्या ठेवी. २०२०च्या मार्चनंतर त्यांत एक वेगळी रांग लागली, अडकलेल्या ॲडव्हान्सची. कुणी कार्यालय घेतलं होतं आणि लग्न दारात पन्नास माणसांत उरकलं. कुणी चारधामचे पैसे भरले होते आणि गाडी सुटलीच नाही. कुणी सुट्टीसाठी घर घेतलं आणि जिल्ह्याची हद्दच ओलांडता आली नाही. रकमा फार मोठ्या नसायच्या. पैसे गेल्यापेक्षा समोरच्याने फोन उचलणं बंद केलं, याचा राग जास्त असायचा.

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, यात आमची काय चूक?" घरमालकालाही हेच म्हणायचं असायचं. दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच चूक शोधून हे भांडण सुटत नाही. पैसे कशासाठी घेतले होते आणि ते दिलं गेलं का, एवढंच बघायचं असतं.

१८७२च्या भारतीय करार कायद्यात याची सोय आहे. कलम ५६ म्हणतं, करार झाल्यावर ठरलेली गोष्ट करणं अशक्य किंवा बेकायदा झालं, तर करार रद्दबातल होतो. कलम ६५ त्याच्या पुढचं सांगतं: करार असा रद्दबातल झाला, तर त्यापोटी ज्याने काही घेतलं असेल त्याने ते परत करावं किंवा त्याची भरपाई द्यावी. या कलमाखाली कायद्यानेच एक उदाहरण दिलं आहे. एका गायकाने हजार रुपये आगाऊ घेऊन जलशात गायचं कबूल केलं आणि तो आजारी पडला. जलसा ठेवणाऱ्याचा बुडालेला नफा गायकाने भरून द्यायचा नाही, पण घेतलेले हजार रुपये मात्र परत करायचे. आजारी पडण्यात गायकाचा काही दोष नाही, तरीही. कोरोनाकाळातल्या निम्म्या तंट्यांचं उत्तर एवढ्यात मिळतं.

ज्या इंग्रजांनी हा कायदा इथे आणला, त्यांच्या घरी मात्र ही सोय नव्हती. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. मिरवणूक दिसावी म्हणून लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या लोकांनी चढ्या भाड्याने घेतल्या. ऐन वेळी राजा आजारी पडला आणि सोहळा पुढे गेला. अशाच एका खोलीचा वाद कोर्टात गेला. भाडं ७५ पौंड ठरलं होतं, २५ दिलेले होते आणि मालक उरलेले ५० मागत होता. १९०३ साली कोर्ट म्हणालं, खोली शाबूत असली तरी ती ज्यासाठी घेतली ते कारणच उरलं नाही, तेव्हा ५० पौंड द्यायचे नाहीत. पण दुसऱ्याच वर्षी तशाच खटल्यात निकाल आला की आधी दिलेले पैसे मागता येणार नाहीत, ज्याचे त्याच्याकडे राहतील. तिथे हे चित्र १९४२-४३मध्ये बदललं, आधी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाने आणि मग कायद्याने. आमच्याकडे परतीची तरतूद त्याच्या सत्तर वर्षं आधीची.

आता क्वारंटाइनकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. २५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली तेव्हा सगळं बंद होतं. त्या दिवसांच्या बुकिंगबद्दल वाद घालायला जागाच नाही. मालक घर देऊ शकत नव्हता, पैसे परत. गुंता पुढच्या महिन्यांत झाला. ८ जुलै २०२०पासून राज्यात हॉटेलं आणि लॉज एक तृतीयांश क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. पण दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागायचा. ती अट २ सप्टेंबरला उठली, आणि तोवर सहलीच्या नावाखाली पास मिळणं जवळपास अशक्य होतं. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्यांना १० दिवस विलगीकरण होतं. कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७ दिवस सरकारी केंद्रात बसवलं. २०२१च्या एप्रिलमधल्या आदेशाने बसने परजिल्ह्यातून येणाऱ्याच्या हातावर १४ दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का बसू लागला. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे त्या वेळी आमच्याच घनसावंगी मतदारसंघाचे आमदार होते. त्यामुळे कोकणातल्या एका मालकाने आमच्या अशिलाला फोनवर सुनावलं, "तुमच्याकडचेच मंत्री, नियम तुम्हाला आधी कळायला हवेत!"

त्या अशिलाची फाइल अशा प्रकरणांचा नमुनाच म्हणायला हवी. फेब्रुवारी २०२०मध्ये बुकिंग, मे महिन्यातले तीन दिवस, २० हजार ॲडव्हान्स. मे बुडाला. मालक म्हणाला, "काका, पैसे कुठे जातात? तारीख पुढे घेऊ." ऑगस्ट ठरला. ऑगस्टमध्ये घर उघडं होतं, पण आमच्या माणसांना पोचता येत नव्हतं. मालकाने लिहिलं, "आम्ही तयार आहोत, तुम्ही येत नाही, तर ॲडव्हान्स जप्त." फाइलमध्ये पुरावा काय, तर फोनवरच्या पेमेंटची नोंद, मेसेजचे फोटो आणि एक पावती. पावतीच्या तळाशी बारीक छापलेलं, 'ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.'

अशा वेळी मी तीन गोष्टी तपासते. पहिली, जायच्या तारखेला कोणता आदेश लागू होता आणि तो कुणाला अडवत होता. आदेशाने घरच बंद असेल तर पूर्ण परतावा. घर उघडं आणि प्रवासी अडलेला असेल, तर मालक म्हणणार की मी माझा शब्द पाळला. पण तीन दिवसांच्या सुट्टीसाठी घेतलेल्या घरी जायला आधी दहा दिवस कोंडून घ्यावं लागत असेल, तर ती सुट्टी उरतच नाही. पॉल मॉलच्या खोलीला जो न्याय लागला तोच इथे लागायला हवा, असं माझं मत आहे. मात्र आदेश नसताना नुसत्या भीतीने बुकिंग रद्द केलं असेल, तर ठरलेल्या अटींप्रमाणे कपात सोसावी लागते.

दुसरी, करारातच अशा प्रसंगाची अट आहे का. असेल तर आधी ती अट पाहायची. २०१७च्या एनर्जी वॉचडॉग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पण 'कोणत्याही परिस्थितीत परत नाही' अशा एकतर्फी छापील ओळीला आयोग डोळे झाकून मान देत नाही. बिल्डरांच्या एकतर्फी अटींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा पायोनियर निकाल आम्ही इथेही दाखवतो.

तिसरी, तारीख पुढे ढकलायला कबूल झालात का. हे फार लोकांना ठाऊक नसतं. बिनशर्त 'चालेल' म्हटलं की नवा व्यवहार झाला असं समोरचा म्हणू शकतो आणि जुन्या तारखेचा परतावा मागणं अवघड होतं. आमच्या अशिलाने 'चालेल, पण तेव्हाही जमलं नाही तर पैसे परत द्या' असं लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर प्रकरण टिकलं. शेवटी मध्यस्थीत मिटलं. साफसफाई आणि राखणदाराचा मालकाने दाखवलेला खर्च वजा करून बाकीचे पैसे हप्त्यांनी परत आले.

या काळात एका निकालाचा दाखला हमखास दिला जायचा, आणि बहुधा चुकीचा. १ ऑक्टोबर २०२०ला प्रवासी लीगल सेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमान तिकिटांच्या परताव्याची योजना मान्य केली. टाळेबंदीत काढलेल्या टाळेबंदीतल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत. इतर काहींना क्रेडिट शेल, म्हणजे कंपनीकडे जमा राहणारी रक्कम, ३१ मार्च २०२१पर्यंत वापरायची. घरमालक याचा आधार घेऊन म्हणायचे, "कोर्टानेच व्हाउचर द्यायला सांगितलंय." तो निकाल विमान तिकिटांपुरता आहे. खोली, कार्यालय, सहल यांना तो लागू नाही.

ॲपवरून बुकिंग झालं असेल तर तिसरा माणूस मध्ये येतो. एअरबीएनबीने १४ मार्च २०२० किंवा त्याआधी केलेल्या आणि साथीच्या कचाट्यात सापडलेल्या बुकिंगचा पूर्ण परतावा जाहीर केला. जगभरचे घरमालक चिडले, तेव्हा त्यांच्यासाठी २५ कोटी डॉलर काढून, रद्द झालेल्या बुकिंगपोटी नियमाप्रमाणे जे मिळालं असतं त्याच्या २५ टक्के देऊ केले. ब्रिटनमध्ये सरकारी स्पर्धा प्राधिकरणाने दट्ट्या लावल्यावर सुट्टीची घरं देणाऱ्या कंपन्यांनी त्याच उन्हाळ्यात पूर्ण परतावा कबूल केला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला यात्रा या संकेतस्थळाच्या मागे वर्षानुवर्षं लागावं लागलं. २०२१मध्ये तिथे अडकलेली सुमारे २६ कोटींची रक्कम जून २०२४मध्ये अडीच कोटींवर आली होती, आणि उरलेली परत करण्याचा आदेश त्या महिन्यात निघाला.

मालकांची बाजूही मला दिसते. कोकणातल्या चार खोल्यांच्या मालकाने तोच ॲडव्हान्स छपरावर आणि रंगावर घातलेला असतो. आमच्या कार्यालयवाल्यांनीही बँकेचे हप्ते डोक्यावर घेऊन टाळेबंदी काढली. म्हणून हप्त्याने परतावा आणि खऱ्या खर्चाची वजावट याला मी कधी आडवी येत नाही. पण सेवा देईपर्यंत ॲडव्हान्स ही कमाई नसते, हे मात्र मालकांनी मनाशी पक्कं करायला हवं.

कोरोनाकाळातल्या बहुतेक तक्रारींची मुदत आता संपली आहे. एरवी ती दोन वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला होता, पण ती सवलतही मागे पडली. कायदा मात्र आहे तिथेच आहे. उद्या पूर येईल, घाट बंद होईल, नवी साथ येईल, तेव्हाही भांडण हेच असेल.

तेव्हा यंदा ॲडव्हान्स पाठवण्याआधी समोरच्याला एक मेसेज करा आणि त्याचा होकार जपून ठेवा: 'सरकारी आदेशामुळे घर बंद राहिलं किंवा आम्हाला तिथे पोचता आलं नाही, तर प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून बाकी रक्कम तीस दिवसांत परत मिळेल.' प्रामाणिक मालक याला नाही म्हणत नाही. म्हणालाच, तर दुसरं घर बघा. एवढं करूनही पैसे अडकले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि लेखी नोटीस द्या. त्यानेही भागलं नाही तर दापोलीला किंवा पणजीला खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी एक रुपयाही नाही. घनसावंगीच्या माणसाला जालन्याचं एसटीचं तिकीट तेवढं काढावं लागतं.