मेणवलीच्या घाटावरील एक डबके

गेल्या आश्विनात आम्ही सहकुटुंब वाईस गेलो असता एके दिवशी मेणवलीस जाण्याचा बेत ठरला. वाईपासून हे गाव सुमारे ३ किलोमीटर. नाना फडणिसांचा वाडा, त्यामागील कृष्णेचा प्रशस्त दगडी घाट आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर आणलेली म्हणून प्रसिद्ध असलेली पोर्तुगीज घंटा, हे सर्व पाहून झाले. या स्थळाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. ती पुन्हा करून वाचकांस शिणविण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते घाटाच्या कडेला साचलेल्या एका डबक्याविषयी.

मंडळी फराळास बसली होती, तोच धाकट्या पुतणीची किंकाळी ऐकू आली. तिने पाण्यातला एक किडा मुठीत धरला होता. बोट लाल झालेले, आणि किडा पायरीवर पडलेला: चपटा, कुजलेल्या पानाच्या रंगाचा, पुढे दोन आकडे व मागे लांब शेपटी. "अगं बाई, विंचू!" म्हणत काकू मटकन खाली बसल्या. कोणी वैद्याची चौकशी करू लागले, कोणी वहाण उचलली. आम्हांसही क्षणभर काही सुचेना, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा दादा म्हणाले, "अरे, मारण्याआधी त्याचे पाय तरी मोजा!"

मोजले. विंचवास चालण्याचे पाय आठ, आणि पुढचे चिमटे त्यांखेरीज. याचे चालण्याचे पाय चारच. पुढचे आकडे हीच पायांची पहिली जोडी. म्हणजे एकूण सहा, अर्थात हा कीटक. शेपटीस पेरी नाहीत, टोकास नांगी नाही. काडीने उलगडून पाहता ती दोन अर्ध्या पन्हळी जुळून झालेली नळी निघाली. पाण्यात डोके खाली करून व हिचे टोक वर काढून हा प्राणी श्वास घेतो. मग पोरीस डसले कशाने? डोक्याखाली दुमडलेल्या तीक्ष्ण सोंडेने. हाच पाणविंचू. त्याचा दंश झोंबतो खरा, परंतु विंचवाइतके भय त्यात नाही. बोटावर गार पाणी धरले आणि फराळ आटोपेपर्यंत रडेही थांबले.

मग सगळेच डबक्यावर ओणवे झाले. पाण्यावर दिसेल त्यास पाणनिवळी म्हणण्याचा आमच्या घरचा परिपाठ. येथे त्या एका नावाखाली दोन निराळी कुळे निघाली. काटकुळ्या पायांनी पाण्यावर उभा राहून मधल्या जोडीने वल्हविणारा, तो सोंडेचा, ढेकणाचा भाऊबंद. काळा तुळतुळीत, गरगर फिरणारा, तो भुंगेरा. त्यास सोंड नसून जबडे असतात. त्याचे टणक पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात, तर सोंडवाल्यांचे तिरपे एकावर एक येतात. शिवाय या भुंगेऱ्याचा प्रत्येक डोळा दुभागलेला असतो. एक भाग पाण्यावर पाहतो, दुसरा पाण्याखाली.

एका तपकिरी, लंबगोल किड्याची पाठ अंड्यांनी भरलेली होती. "बिचारी आई!" वहिनी म्हणाल्या. परंतु या जातीत मादी अंडी चिकटविते ती नराच्या पाठीवर, आणि पिल्ले निघेपर्यंत ओझे वाहतो तो बापच. "पाहून ठेवा बरे!" म्हणून वहिनींनी दादांकडे पाहिले. दादांनी घंटेचा विषय काढला.

निघतेवेळी पुतणीने पाणविंचू पळसाच्या पानावर घेऊन पाण्यात सोडला. काकू मात्र शेवटपर्यंत घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवरून खाली उतरल्या नाहीत.