पगार कुणाचा, अहवाल कुणाला

अळणावर,
16 नोव्हेंबर 2025

चि. मृण्मयी,

अक्काचा फोन झाला. इंजिनिअर झालेली मुलगी इंग्लंडात जाऊन अप्रेंटिस कशाला होते, हे तिचं मुख्य दुखणं. त्यापेक्षा नोकरी सोडून वर्षभर पूर्णवेळ एम.एस्सी. करावी, पदवीदानाचा फोटो तरी चारचौघांत दाखवता येईल. मी तिला जमालपूरचं उदाहरण दिलं. 1927 पासून तिथं रेल्वेचे 'स्पेशल क्लास अप्रेंटिस' घडत. यूपीएससीची परीक्षा पास झालेली पोरं, पण आधी वर्कशॉपमध्ये हात काळे करायची आणि जोडीला पुस्तकं. त्यांतले कितीतरी पुढं रेल्वेच्या सर्वोच्च खुर्च्यांवर बसले. आपल्या सरकारनं ती भरती दहाएक वर्षांपूर्वी बंद केली, ते मला कधीच पटलं नाही. अक्कालाही माझं पटलं नाही, पण फोन तरी शांतपणे ठेवला.

उमेदवारी की पूर्णवेळ एम.एस्सी., या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. उमेदवारीच घे. पुढचं सगळं लिहितोय ते ती घेताना कशाला जपायचं याबद्दल.

तू पाठवलेला अभ्यासक्रम सावकाश वाचला. हवाई सुरक्षा, जोखीम व्यवस्थापन, मानवी घटक, अपघात तपास, आणि शेवटी आपल्याच कामाच्या ठिकाणचा एक खरा प्रश्न घेऊन प्रबंध. नोकरी चालू, पगार चालू, कामाच्या वेळेतलाच काही भाग अभ्यासाला. क्रॅनफील्डसारख्या विद्यापीठाला स्वतःचा विमानतळ आहे हे मान्य, पण तिथं तू पाहुणी असशील. आत्ता तू विमानतळाच्या रॅम्पवर काम करतेस. सामानाची गाडी विमानाच्या पोटाला घासली तर ते तुला मॅनेजरच्या आधी कळतं. सुरक्षेच्या विषयात ही फार मोठी मिळकत आहे, आणि ती फी भरून मिळत नाही.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. लोंढा ते हुबळी पट्ट्यातलं एक लहान स्टेशन, नाव नको. मी तिथं नवा स्टेशन मास्तर. पावसाळ्यात वरच्या बांधावरची माती आणि खडी वाहून सांध्यात यायची, टंग रेल नीट बसायची नाही. माझ्या आधीच्या कुठल्याच डायरीत याची नोंद नव्हती, कारण रात्रपाळीचा सांधेवाला प्रत्येक गाडीच्या आधी पहार आणि कंदील घेऊन जायचा, खडी काढायचा आणि परत यायचा. गाड्या वेळेवर जात होत्या. हे त्यानं मला सांगितलं तेही पहाटे चहा पिताना, कागदावर काही घेणार नाही असं वचन घेऊन. मी म्हटलं, अरे मग आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मास्तर, सांगितलं तर सांधा साफ का नव्हता म्हणून मलाच चार्जशीट. नाही सांगितलं तर गाडी तर जातेच." त्याचं नाव न घेता मी वर लिहिलं, बांधाच्या कडेनं चर खणून घेतली, आणि सांधा सुधारला. पण त्या माणसाला अमावास्येच्या रात्री ताप आला असता तर? त्या स्टेशनची सगळी सुरक्षा एका माणसाच्या पाठीच्या कण्यावर उभी होती आणि दफ्तराला त्याचा पत्ता नव्हता.

तुझ्या पुस्तकांत याला मोठी नावं असतील. मला एवढंच कळतं, की धोक्याची बातमी सर्वांत आधी ज्याला कळते तो सर्वांत खालचा माणूस असतो, आणि तोंड उघडून नुकसान होतं तेही त्याचंच.

याचा सर्वांत महाग पाठ आपल्याच राज्यात शिकला गेला. 22 मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेकडीवरची धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 166 जणांतले 158 गेले, आठ वाचले. चौकशीचं काम एअर मार्शल भूषण गोखल्यांकडे होतं, हवाई दलाचे माजी उपप्रमुख, आपला मराठी माणूस. त्यांचा अहवाल तुझ्या कोर्समध्ये असो वा नसो, तू वाच. कॅप्टन कॉकपिटच्या सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणातला बहुतेक वेळ, म्हणजे दीड तासाहून अधिक, झोपलेला होता आणि झोपेची गुंगी पुरती उतरली नसावी. मंगळूरचं रडार दोन दिवसांपासून बंद होतं, त्यामुळं खाली यायची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. विमान फार उंच राहिलं. सहवैमानिकानं पुन्हापुन्हा सांगितलं, उतरू नको, वर घे. कॅप्टननं ऐकलं नाही. विमान टेकलं तेव्हा जवळपास अडीच किलोमीटरच्या धावपट्टीतली निम्म्याहून जास्त मागं पडली होती.

वर्तमानपत्रांनी झोपलेला कॅप्टन उचलला. माझ्या मते त्या अहवालातलं खरं मोलाचं वाक्य वेगळं आहे. सहवैमानिकानं नुसतं सांगितलं, पण विमान स्वतःच्या हाती घेतलं नाही, असं का? तर बहुधा अशा वेळी त्याला नेमका कोणता अधिकार आहे याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या, असं गोखले समितीनं लिहिलं. म्हणजे तरुण माणसाला धोका दिसला, तो बोललासुद्धा, आणि तरी नियमांनी त्याचे हात पुरते मोकळे केलेले नव्हते. तुझी उमेदवारी म्हणजे सहवैमानिकाची हीच उजवीकडची खुर्ची आहे. बोलायचं कसं हे कोर्स शिकवेल. बोलल्यावर कुणी ऐकलं नाही तर पुढची पायरी कोणती, हे तुझ्या कराराच्या कागदावर असायला हवं.

आता पैशाचं. इंग्लंडातल्या नियमाप्रमाणं तीस लाख पौंडांवर पगारपत्रक असलेल्या कंपन्या 2017 पासून वरच्या रकमेच्या अर्धा टक्का अप्रेंटिस कर भरतात आणि उमेदवारांची फी त्या निधीतून जाते. येत्या जानेवारीपासून मात्र पदव्युत्तर पातळीच्या उमेदवारीला हा पैसा साधारणपणे 21 वर्षांपर्यंतच्यांनाच मिळणार. तू त्यात बसत नाहीस, म्हणून कंपनी स्वतःच्या खिशातून फी भरायला तयार आहे आणि बदल्यात तीन वर्षांचा बाँड मागते आहे. अक्काला बाँडची भीती वाटते. मला तीन वर्षांची नाही वाटत. भीती आहे ती याची, की ज्यांच्या चुका तू टिपणार, तेच तुझी फी भरणार, तेच पगार देणार, आणि प्रबंधाला गुण मिळण्याआधी मसुदाही तेच वाचणार.

आमच्या खात्यानं हा पेच फार जुन्या काळी पाहिला आहे. रेल्वेची तपासणी करणारे सरकारी निरीक्षक पूर्वी रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असत. 1937 साली पाटण्याजवळ बिहटा इथं गाडी घसरून शंभरावर माणसं मेली. इंजिनांच्या चौकशीसाठी ब्रिटनहून कर्नल माउंट यांची समिती आली. निरीक्षक बोर्डापासून स्वतंत्र हवेत, हा मुद्दा त्या समितीनं उचलून धरला, आणि 1941 मध्ये त्यांना काढून टपाल आणि हवाई खात्याकडं दिलं. ती व्यवस्था आजही तशीच आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात! आमच्या भागात दुहेरी मार्गाचा नवा तुकडा खुला व्हायचा असला की बेंगळुरूहून आयुक्त येत, ट्रॉलीवरून इंच न् इंच बघत, मग वेगाची चाचणी घेत, आणि त्यांची सही होईपर्यंत प्रवासी गाडी धावत नसे. डिव्हिजनचे साहेब त्यांच्यापुढं हात बांधून उभे. प्लॅटफॉर्मवरच्या पोर्टरलाही ठाऊक असायचं, की या माणसाचा पगार आपल्या साहेबाच्या हातात नाही. आयुक्त मुळात रेल्वेतूनच आलेले असतात, म्हणून स्वातंत्र्य पुरतं नाही असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे. तरीही अजिबात नसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

विमानवाल्यांना हे कळायला वेळ लागला. आपल्याकडं नियम करणारं डीजीसीएच अपघातांचाही तपास करी. वेगळा अपघात तपास विभाग, एएआयबी, स्थापन झाला तो 2012 मध्ये. यंदा जूनमध्ये अहमदाबादला विमान पडलं तेव्हा ते नाव आपल्या घरातल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं.

अमेरिकेची हकिगत तुला माहीत असेल, तरी लिहितो, कारण ती मला फार आवडते. डिसेंबर 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. तपासात निघालं, की सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान नकाशाचा तोच घोटाळा होऊन त्याच डोंगरावर जाता जाता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी सांगितलं, कंपनीनं आपल्या लोकांना सावध केलं, पण कंपनीबाहेर कुणालाच कळलं नाही. मग 1976 पासून तिथं गुप्तपणे चुका कळवण्याची व्यवस्था झाली. तिचा पैसा विमान वाहतूक प्रशासनाचा, पण पत्रं जातात नासाकडं. कारण ज्याच्या हातात शिक्षा करण्याचा दंडुका आहे त्याच्या टेबलावर कोण स्वतःची चूक नेऊन ठेवील? तुमच्या ब्रिटनमध्ये 1982 पासून अशीच 'चर्प' आहे. तिचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आपल्या हुबळीचंच घे. मार्च 2015 मध्ये बेंगळुरूहून आलेलं विमान पावसात धावपट्टीबाहेर गेलं. सगळे सुखरूप. रीतसर तपास झाला, अहवाल निघाला, पण गावात आठवड्याभरात विषय संपला. कुणी मेलं नाही की कुणी वाचत नाही. तू असलेच अहवाल जास्त वाच. त्यांत माणसं जिवंत असतात आणि स्वतः काय केलं ते सांगू शकतात.

अभ्यासक्रमातल्या जोखमीच्या तक्त्याबद्दलही दोन शब्द. शक्यता एका बाजूला, परिणाम दुसऱ्या बाजूला, आणि चौकोनांना लाल, पिवळा, हिरवा रंग. सिग्नलवर आयुष्य गेलेल्या माणसाला रंग शिकवायला नकोत. पण आमचा सिग्नल ड्रायव्हर बघतो आणि चुकला तर पहिला तोच मरतो. तुमचा हिरवा चौकोन साहेब बघतो, आणि साहेबाला हिरवा आवडतो. 'शक्यता' एका पायरीनं खाली ढकलली की लालाचा पिवळा होतो, त्याला पैसा लागत नाही, चर खणावी लागत नाही. मीटिंगमध्ये कुणी असा रंग बदलला तर जुना रंग, नवा रंग आणि बदलायचं कारण, तिन्ही लिहून घे. भांडू नकोस. नुसतं लिहून घेतलं तरी अर्धे रंग जागेवर परत येतात.

आणि रॅम्पवरचे लोडर, ट्रॅक्टरवाले, रात्रीच्या पाळीचे पोलिश आणि पंजाबी सहकारी यांच्याशी आत्ता जसं बोलतेस तसंच बोलत राहा. पदवीच्या नादात तू ऑफिसात बसायला लागलीस आणि ते तुला 'मॅडम' म्हणायला लागले, की बातम्या बंद. कुणी विश्वासानं सांगितलेलं नावानिशी कधीही प्रबंधात घालू नकोस, मग परीक्षक कितीही तपशील मागोत. एकदा एकाचं नाव फुटलं की पुढची दहा वर्षं त्या विमानतळावर तुला फक्त हवापाण्याच्या गप्पा ऐकायला मिळतील.

बाँडवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी माग. प्रबंधाचे निष्कर्ष कंपनीला बदलता येणार नाहीत, फार तर गोपनीय ठेवता येतील. विद्यापीठातला मार्गदर्शक तुला कंपनीच्या माणसाशिवाय एकटीला भेटेल. आणि गंभीर धोका दिसला व तुझ्या वरिष्ठानं दाबला, तर त्याच्या वरच्या सुरक्षा प्रमुखाकडं थेट जाण्याचा हक्क, त्याच्या हुद्द्यासकट. शहाणी कंपनी हे हसत देईल. जी आढेवेढे घेईल तिथं फी फुकट असली तरी शिकू नकोस, पूर्णवेळ एम.एस्सी. कर. पैसे कमी पडले तर मला कळव, भविष्य निर्वाह निधीतले काही अजून शिल्लक आहेत. अक्काला हे सांगू नकोस.

मसुदा आला की सहीच्या आधी मला पाठव.

तुझा,
मामा