साहेबांना सांगायचे का?

सर्वसाधारण डॉक्टरच्या टेबलावर येणाऱ्या कागदांमध्ये ‘नमुना १-अ’ हा एक नेहमीचा कागद. बस, ट्रक, रिक्षा, टॅक्सी अशी व्यावसायिक वाहने चालवणाऱ्याला परवाना काढताना आणि त्याचे नूतनीकरण करताना हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वयाची चाळिशी ओलांडलेल्या खासगी वाहनचालकालाही लागते. परिवहन विभागाकडे नोंद असलेली डॉक्टर म्हणून मी असे शेकडो नमुने भरले आहेत. दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, हातापायांची हालचाल, फेफरे, चक्कर या गोष्टी तपासून उत्तर देता येते. परंतु काही काळापूर्वी हाच कागद घेऊन आलेल्या एका चालकाने मला जे विचारले, त्यासाठी त्यात रकाना नव्हता. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीकत सांगते.

तो चौतीस वर्षांचा. नाशिकच्या सातपूर-अंबड परिसरातील कारखान्यांना कामगारांच्या ने-आणीसाठी बस पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे चालक. वडील सार्वजनिक बससेवेतून निवृत्त झालेले, तेही चालकच. आई बालवाडीच्या शिक्षिका. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला बोलायला उशीर झाला म्हणून तपासण्या झाल्या आणि स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झाले. नातवाची माहिती देताना आजी सहज बोलून गेल्या, “हा बापसुद्धा लहानपणी अगदी असाच होता.” बालविकासतज्ज्ञांनी ते वाक्य मनावर घेतले. त्यांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि मुलापाठोपाठ त्याचेही निदान झाले. मुलाच्या निमित्ताने आई किंवा वडिलांचे निदान होणे आता तितकेसे नवलाचे राहिलेले नाही. त्यांच्या बालपणी असा मुलगा ‘एककल्ली’ किंवा ‘घुमा’ ठरे आणि गोष्ट तिथेच संपे.

‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला असला, तरी तो थोडा फसवा आहे. ही माणसे स्वतःतच बुडालेली असतात आणि त्यांना इतरांचे काही वाटत नाही, असा समज त्यातून होतो. वस्तुतः ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. समोरच्याचा सूर, नजर, आडून बोललेले यांचा अर्थ लावणे अशा व्यक्तीला कठीण जाते. ठरलेला क्रम मोडला की मन अस्वस्थ होते. आवाज, प्रकाश, स्पर्श हे काहींना आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतात. याची तीव्रता व्यक्तीगणिक इतकी बदलते, की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. कोणाला आयुष्यभर आधार लागतो, तर कोणी नऊ वर्षे अपघाताविना बस चालवतो.

हा चालक त्या दुसऱ्या प्रकारातला. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, दिवे तो रोज एकाच क्रमाने तपासत असे. वेगमर्यादा त्याच्या दृष्टीने सूचना नव्हती, नियम होता. तरीही सहा महिन्यांत त्याला दोन मेमो मिळाले होते. पहिला उद्धटपणाबद्दल. नवे पर्यवेक्षक चालत्या बसमध्ये फोन करून थांबे बदलायला सांगत आणि हा फोन उचलत नसे. नंतर जाब विचारला तेव्हा त्यांच्याकडे न पाहता त्याने वाहतुकीचा नियम ऐकवला. दुसरा मेमो उशिराबद्दल. रस्त्याचे काम निघाल्याने नेहमीचा मार्ग बंद होता. त्याने बस कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि नवा मार्ग कागदावर लिहून होईपर्यंत ती हलवली नाही. कामगार दहा मिनिटे उशिरा पोहोचले. तिसऱ्या मेमोनंतर काय होते, हे ठेक्यावरच्या प्रत्येक चालकाला माहीत असते.

तिघेही माझ्यासमोर बसले होते. आईचे म्हणणे, “साहेबांना सांगून टाकू दे. मुद्दाम करत नाही, हे तरी कळेल त्यांना.” वडिलांनी हात जोडले. “डॉक्टर, त्याला समजवा. वेडाचा शिक्का बसला की स्टिअरिंग परत हातात येत नाही. मी माझी शुगर नोकरी संपेपर्यंत कोणाला कळू दिली नाही.” मुलगा टेबलावरच्या कागदाकडे पाहत होता. तो म्हणाला, “आधी प्रश्न काय आहे ते वाचून दाखवा. जे विचारले नाही त्याचे उत्तर देणे बंधनकारक आहे का?”

तिघांच्या बोलण्यातील सर्वांत नेमका प्रश्न हाच होता. कारण येथे दोन निरनिराळ्या बाबी एकमेकींत अडकलेल्या होत्या : रस्त्यावरील सुरक्षितता आणि नोकरीतील वागणूक. त्या आधी सोडवणे आवश्यक होते.

रस्ता काय विचारतो?

परवान्याच्या कागदपत्रांत स्वमग्नतेचे नाव नाही. डॉक्टरने भरायच्या नमुन्यात फेफरे, चक्कर किंवा वाहन चालवण्याच्या क्षमतेवर परिणाम करील अशी मानसिक व्याधी आहे का, असे विचारलेले असते. अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रात, आपले वाहन चालवणे लोकांना धोकादायक ठरेल असा अन्य काही आजार वा अपंगत्व आहे का, असा प्रश्न असतो. दोन्हीकडे कसोटी परिणामाची आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली याच मुद्द्यावर गोंधळ झाला होता. तेथील परवाना यंत्रणेने प्रत्येक स्वमग्न चालकाने आपले निदान कळवावे असा मजकूर प्रसिद्ध केला. त्यावर टीका झाल्यावर तो बदलण्यात आला आणि वाहन चालवण्यावर परिणाम होत असेल तरच कळवणे आवश्यक, हा पूर्वीचा नियम परत आला.

परिणाम आहे की नाही, हे मात्र कसून तपासावे लागते. स्वमग्न व्यक्तींमध्ये फेफऱ्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून त्याला आणि आई-वडिलांना स्वतंत्रपणे विचारले. पूर्वी कधी झटका आल्याचा इतिहास नव्हता. झोप विचारली. चिंता, नैराश्य, लक्ष विचलित होणे या सोबतीने येणाऱ्या तक्रारी विचारल्या. औषधे पाहिली, कारण अशा तक्रारींवरील काही गोळ्यांनी झापड येते आणि ती चालकासाठी निदानापेक्षा अधिक घातक असते. रात्री समोरून येणारे प्रखर दिवे, कर्कश हॉर्न, अचानक मध्ये आलेले जनावर यांवर तो काय करतो, हे प्रसंग घालून विचारले. मनोविकारतज्ज्ञांचे लेखी मत मागवले. बंद रस्त्याचा तो प्रसंगही मी याच दृष्टीने पाहिला. गोंधळल्यावर बस सुरक्षितपणे कडेला घेणारा माणूस उशीर करतो. अपघात मात्र टाळतो. सर्व पाहून मी प्रमाणपत्रावर सही केली.

वडिलांना मात्र एक गोष्ट सांगणे भाग होते. “काका, तुम्ही लपवलेली साखर अधिक जोखमीची होती. गोळीनंतर जेवण चुकले, साखर उतरली, तर चालकाला समोरचे धूसर दिसते, भान हरपते.” ते काही बोलले नाहीत. नाव भीतीदायक वाटते म्हणून धोका मोठा नसतो आणि नाव घरगुती झाले म्हणून तो लहानही होत नाही.

मालकाला किती सांगावे?

दुसरी बाब नोकरीची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी आस्थापनांना दिव्यांगत्वावरून नोकरीत भेदभाव करण्यास हा कायदा मनाई करतो आणि ‘वाजवी सोय’ करून देण्यास सांगतो. समान संधीचे धोरण मात्र खासगी आस्थापनांनीही जाहीर करावयाचे असते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड काढले म्हणून ते मालकापुढे ठेवलेच पाहिजे असे नाही. आरक्षण किंवा एखादी सवलत मागायची असेल तेव्हा ते दाखवावे लागते. कागदावर हे सर्व आश्वासक आहे. पण ठेक्यावरच्या चालकाला काढून टाकण्यासाठी कारण लिहावे लागत नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढे पुरते. म्हणून केवळ कायद्याच्या भरवशावर सल्ला देणे मला प्रशस्त वाटत नाही.

अशा वेळी मी सुचवते ते असे : निदानाचे नाव सांगण्यापूर्वी गरज सांगावी. त्याने आणि मी मिळून तीन ओळींचे निवेदन तयार केले. मार्गातील बदल निघण्यापूर्वी लेखी संदेशाने कळवावा, चालत्या बसमध्ये फोन करू नये. सूचना एका वेळी एक आणि स्पष्ट शब्दांत द्यावी. दोन फेऱ्यांच्या मध्ये दहा मिनिटे गोंगाटापासून दूर बसू द्यावे. यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. पहिली तर कोणत्याही चालकाच्या बाबतीत पाळायलाच हवी. निवेदन लेखी द्यावे, तारीख घालावी, पोच घेऊन प्रत घरी ठेवावी. ते स्टँडवर चारचौघांत न देता, निर्णय घेऊ शकणाऱ्या एकाच व्यक्तीकडे द्यावे. आणि तिसऱ्या मेमोची वाट पाहू नये; आरोपानंतर दिलेले कारण सबबीसारखे ऐकू येते.

त्याने निवेदन घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी चौथी ओळ घालून आणले : ‘मला ऑटिझम आहे.’ मी त्याला पुन्हा विचार करायला सांगितले. तो म्हणाला, “कारण लिहिले नाही तर ते अर्धे पत्र होईल. उद्या कोणी सरळ विचारले, तर मला खोटे बोलता येत नाही. त्यापेक्षा मी आधी सांगतो.” माझा सल्ला व्यवहाराचा होता, त्याचा निर्णय त्याच्या स्वभावाला धरून होता. आयुष्य त्याचे होते, म्हणून पत्र त्याच्या शब्दांत गेले.

चार दिवसांनी ठेकेदाराचा मला फोन आला. “डॉक्टर, खरे काय ते सांगा. गाडीत पन्नास माणसे बसतात.” त्यांची काळजी अस्थानी नव्हती. परंतु रुग्णाची माहिती डॉक्टरला परस्पर देता येत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, किंवा कळवणे बंधनकारक असलेला रोग, एवढेच अपवाद आहेत. मी त्याची लेखी संमती घेतली आणि तेवढ्याच मर्यादेत सांगितले, की पत्रातील मजकूर खरा आहे आणि तपासणीअंती तो बस चालवण्यास योग्य आहे.

पुढे जे घडले ते संमिश्र आहे. त्याला ठरलेला एकच मार्ग मिळाला, बदल संदेशाने येऊ लागले आणि नंतर मेमो आला नाही. मात्र नव्या वर्षी ठेकेदाराकडे आलेले शाळेच्या बसचे काम, ज्यात जादा पैसे होते, ते त्याच्याहून नव्या चालकाला मिळाले. कारण कोणी सांगितले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. स्टँडवर त्याला एक टोपणनावही चिकटले. पुढच्या भेटीत मी विचारले, सांगितल्याचा पश्चात्ताप होतो का? त्याने बराच वेळ घेतला. “नुकसान झाले. पण आता घरी गेल्यावर डोके दुखत नाही.” दिवसभर ‘इतरांसारखे’ दिसण्याचा जो आटापिटा तो वर्षानुवर्षे करत होता, त्याची किंमत मला त्या वाक्यातून कळली.

घरच्यांनी काय करावे?

ज्येष्ठ आई-वडिलांना माझे सांगणे एवढेच, की मुलगा सज्ञान असेल तर सांगण्याचा किंवा न सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. त्याच्या मालकाकडे परस्पर शब्द टाकू नये. ठेकेदार ओळखीचा असल्याने या वडिलांनाही तो मोह झाला होता. लग्नकार्यात नातेवाइकांशी बोलता बोलताही हे निदान सांगू नये. एकदा बाहेर पडलेली माहिती परत घेता येत नाही. घरच्यांचा खरा उपयोग अन्य ठिकाणी आहे : बालपणाची हकीकत तज्ज्ञांना नीट सांगणे, निवेदनाची भाषा तपासणे, कामावरून आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न न विचारणे. फेफरे, झापड आणणारी औषधे, भान हरपणे यांपैकी काही असेल, तर मात्र गाडी थांबवून डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरावा. तेथे भीड नको.

आपल्यापैकी अनेकांकडे चालक येतो, दवाखान्यात नेतो, बँकेत नेतो. तो नजर मिळवत नसेल, गप्पा मारत नसेल, ‘जरा इकडून घे’ म्हटल्यावर गडबडत असेल, तर तो उद्धट आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. कोठे जायचे आहे ते निघण्यापूर्वी पूर्ण सांगावे, मार्ग बदलायचा असेल तर गाडी थांबलेली असताना बोलावे, रेडिओचा आवाज त्याला विचारून ठेवावा. त्याला काही निदान आहे का, हे विचारण्याचे कारण नाही. आणि कधी त्याने होऊन सांगितलेच, तर आधी एवढेच विचारावे : “माझ्याकडून काय बदल हवा?”