सावलीतला तेरडा

मैत्रिणींनो, घरामागच्या सावलीत काही फुलत नाही, ही तक्रार तुमचीही असेल. आमच्या फणसाखाली गुलाब आणि शेवंती दोन्ही रुसून बसली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, रानातला तेरडा लाव की! त्याला झाडांचा आडोसा चालतो."

बी विकत आणायला नको. भाद्रपद-आश्विनात फुगून फिकट झालेली बोंडं हेरायची. नुसता हात लागला तरी ती फटकन फुटतात आणि बी दूर उडतं! म्हणून बोंड आधी मुठीत धरायचं, मगच तोडायचं. तपकिरी बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावं. पहिल्या पावसाच्या सुमारास, कुजलेला पालापाचोळा मिसळलेल्या मातीत पेरावं आणि वरून थोडीशीच माती भुरभुरावी. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. मग वीतभर अंतर ठेवून रोपं विरळ करा. ओल हवी, पण पाणी तुंबता कामा नये. अगदी काळोखही नको. पानांतून झिरपणारा उजेड पुरतो.

आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळं म्हणजे तिची पावलं, म्हणून रोप मुळासकट उपटतात. पण बी धरण्याआधीच सगळं उपटलं, तर पुढच्या वर्षी टेकडीवर उगवणार काय? बाजारातले जुड्यांचे ढीग पाहून हे मनाला टोचायचं. आता गौरीपुरती रोपं घरचीच घेते आणि चार तरी बियांसाठी राखते.

तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरंच. पण बी राखलं, तर तो दरवर्षी माहेरवाशिणीसारखा परत येतो. यंदा एक पुडी शेजारणीलाही द्या!