वणवा, लांबलेला पाऊस आणि आमच्या बोडीतले बेडूक



वरच्या वर्गांना ‘अनुकूलन’ शिकवताना बेडूक येतोच. मुलं घडाघडा सांगतात, बेडूक शीतनिद्रा घेतो. उत्तर बरोबर, पण भंडाऱ्याच्या मुलासाठी ते अर्धंच आहे. आपल्याकडे थंडी ती किती! इथल्या बेडकाची खरी परीक्षा असते एप्रिल-मे मध्ये, पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा. म्हणून मी ग्रीष्मनिद्रा आधी शिकवते, शीतनिद्रा नंतर.

बेडकाची कातडी हा या सगळ्या गोष्टीचा गाभा. तो फुप्फुसांबरोबर कातडीनेही श्वास घेतो, पाणीसुद्धा कातडीतूनच शोषतो. कातडी सुकली की खेळ संपला. त्यामुळे उन्हाळा आला की ज्याला जशी जमेल तशी ओल तो शोधतो. काही बेडूक मागच्या पायांनी माती उकरत खाली जातात. भेक, म्हणजे खरखरीत अंगाचा तो टोड, पालापाचोळ्याखाली, दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली दडतो. झाडावरचे बेडूक ढोलीत, सालीच्या फटीत.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे जंगल पेटतं.

कोका अभयारण्याच्या आजूबाजूच्या किंवा साकोली-लाखनीकडच्या मंडळींना हे सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं पानात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. वारा सुटला की झाडाखालची आग झाडाखाली राहत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला, ते आपण विसरलेलो नाही.

मुलांना वाटतं, वणव्यात सगळे बेडूक भाजून मरतात. तसं होत नाही. आपल्या पानगळीच्या जंगलातली आग जमिनीवरून पळते. माती उष्णता सहज खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वीतभर खोल गेलेला बेडूक बहुधा वाचतो. पाल्यातला भेक आणि वाळक्या ढोलीतला बेडूक मात्र सापडतो. पण माझ्या मते मोठं नुकसान आग विझल्यावर सुरू होतं. पाला म्हणजे जमिनीचं पांघरूण. ते जळालं की उरलेली ओल उडते, पाल्यातले किडे संपतात, म्हणजे बेडकाचं खाणंही गेलं. पहिल्या सरीबरोबर राख डबक्यात उतरते, पाण्याचा क्षारपणा वाढतो, आणि त्याच पाण्यात बेडकी अंडी घालते.

तरीही पाऊस वेळेवर आला असता तर निभावलं असतं. बेडकाचं घड्याळ पावसावर चालतं. मृगाच्या सरी आल्या की पिवळेधमक नर बांध्यांमध्ये डरावडराव सुरू करतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाय फुटून बाहेर यायला जातीनुसार काही आठवडे लागतात. तेवढे दिवस डबकं टिकायला हवं. पण २०२३ साली विदर्भात मान्सून आला तो जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर. पुढे ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पाऊस येतो, बेडूक अंडी घालतात, मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. रोवणी खोळंबली म्हणून आपण चिंता करतो ती योग्यच. त्याच वेळी डबक्यातली पिल्लं चिखलात वळवळत असतात. वर्षभराची विण एका उघाडीत जाते.

जगभर हेच चाललंय. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आठ हजारांवर उभयचर प्रजातींचा आढावा आला. सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात. २००४ नंतर ज्यांची स्थिती बिघडली, त्यांतल्या ३९ टक्के प्रजातींबाबत मुख्य कारण हवामानबदल. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांचा फटका पाच कोटींवर बेडकांना बसल्याचा अंदाज आहे. हे आकडे फळ्यावर लिहिते, पण त्यावर फार रेंगाळत नाही. ऑस्ट्रेलियाची आग मुलांना सोपी जाते. ती दुसऱ्याची असते.

आपल्या आगीबद्दल बोलणं अवघड. वर्गातली निम्मी मुलं पहाटे आईबरोबर टोपली घेऊन मोह वेचायला जातात. त्या पैशातून वह्या येतात. ‘आग लावणारे वाईट’ असं मी म्हटलं, तर त्या मुलाच्या मनात कोणाचा चेहरा येईल? एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, पाला जाळला नाही तं मोह दिसत नाही ना. आई कशी वेचन?” प्रश्न अगदी रास्त होता. मी तो फळ्यावर लिहिला आणि उत्तर वर्गाकडे सोपवलं. कोणी म्हणालं, खराट्याने झाडून घ्यायचं. कोणी म्हणालं, जुनं लुगडं अंथरायचं. एकाच्या मामाने झाडाखाली हिरवी नेट बांधली होती, फुलं स्वच्छ मिळतात आणि माती लागत नाही म्हणे. तेंदूची झुडपं आग न लावता छाटली तरी नवी पानं येतात, तेही एकाला माहीत होतं. पण झाडं दहा असली की झाडणं दहापट, आणि नेटला पैसे लागतात. हे त्यांच्याच तोंडून आलं, मी खोडलं नाही.

आता आम्ही शाळेमागच्या बोडीची वही ठेवतो. चार रकाने: पहिला मोठा पाऊस, पहिलं डरावडराव, पहिली अंडी, डबकं आटल्याची तारीख. भेकाची अंडी मण्यांच्या माळेसारखी असतात, झाडबेडकाची पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाच्या गोळ्यात. एकदा दाखवलं की पोरं चुकत नाहीत. (हाताळायचं नाही, आणि काठावर मोठं माणूस सोबत हवंच.) धोंडी काढताना बेडूक मुसळाला बांधायचे, ते आजीकडून ऐकून एकाने विचारलं, “पाऊस बेडकामुळे येते का?” मी म्हटलं, उलटं आहे का ते वही भरली की बघू.

ज्यांच्या शाळेजवळ मामा तलाव किंवा बोडी आहे, त्यांनी या जूनपासून हे चार रकाने सुरू करावेत. आणि पालकहो, मोहाखाली नेट बांधून पाहिली असेल तर खर्च किती आला, किती हंगाम टिकली, ते मुलांजवळ सांगून पाठवा. पाचव्या रकान्याला जागा ठेवली आहे.